उलट्या लिलावाची बोहनी

वीज गेली तेव्हा आमच्या नावापुढे एकचा आकडा होता. एक म्हणजे पहिला नंबर. पंखा रेंगाळत थांबला, भिंतीवरचा इंटरनेटचा डबा विझला, आणि बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर तो एक तसाच चिकटून राहिला. बाहेर फणसाखाली सुंभ वळत बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपण पहिल्या आहोत, असं रोवेनाने नुकतंच खिडकीतून त्यांना सांगितलं होतं.

माझी थोरली बहीण पुरिंग मात्र काथ्याच्या गठ्ठ्यावर बसून बोटांची पेरं मोजत होती.

आमची सोसायटी नारळाच्या सोडणांपासून जाळी करते. सोडण ठेचून काथ्या काढायचं यंत्र मी चालवतो. बायका काथ्याचं सुंभ वळतात, सुंभाची जाळी विणतात. ती दरडीवर अंथरली की पावसात माती धरून राहते. एक कंपनी डोंगराला वळसा घालून रस्ता काढत होती. तिला अशी जाळी हवी होती आणि ती लिलावाने घेणार होती.

हा लिलाव उलटा. बंदरावर मासळीचा लिलाव होतो त्यात भाव चढतो, इथे उतरतो. जो सगळ्यात कमी भाव सांगेल त्याला काम. समोर कोण कोण बसलंय ते दिसत नाही, कुणी किती सांगितलं तेही दिसत नाही. आपला नंबर तेवढा दिसतो. शेवटच्या तीन मिनिटांत कुणी खाली उतरलं तर घड्याळ तीन मिनिटांनी पुढे जातं. आणि एकदा उतरलेला भाव पुन्हा वर नेता येत नाही. ओढ्यात लावतो त्या बांबूच्या पिंजऱ्यासारखं आहे हे. मासा आत शिरतो तेव्हा काड्या वाकतात. बाहेर यायला लागला की त्याच काड्या त्याच्या तोंडावर टोचतात.

सभेत आम्ही ठरवलं होतं, चौरस मीटरला अठ्ठावन्न पेसो, त्याखाली जायचं नाही. तेवढ्यात डिझेल, मजुरी आणि ट्रकचं भाडं भागत होतं. वीज गेली तेव्हा आम्ही एक्कावन्नावर होतो.

ते असं झालं. सकाळी अठ्ठावन्नावर आलो तेव्हा आमचा नंबर दोन होता.

"झालं, मानाय," रोवेना म्हणाली. पुरिंगला सगळं गावच मानाय म्हणतं, थोरली बहीण म्हणून, आणि मला मानोय, थोरला भाऊ म्हणून. रोवेना मनिलात एका कंपनीत फोनवर बोलायचं काम करून आलेली, आता आमचा संगणक सांभाळते. "ठरलं होतं तिथे पोचलो. आता हात आखडू."

"सोसायटीचं पहिलं गिऱ्हाईक आहे," पुरिंग म्हणाली. "बोहनीला आलेल्याला कुणी परत पाठवतं का?"

"गिऱ्हाईक कुठंय इथे? मशीन आहे."

"मशीनच्या मागे कुणीतरी बसलंच असेल ना खुर्ची घेऊन. एक पेसो उतर."

पुरिंगचं सगळं आयुष्य बाजारात सुकी मासळी विकण्यात गेलं. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तरी त्याला सोडायचं नाही, पदरचं घालावं लागलं तरी द्यायचं, आणि त्याची नोट सगळ्या मालावरून फिरवायची, म्हणजे दिवसभर विक्री होते. आमच्या बाजारात सगळेच असं करतात. त्यात कंपनीच्या माणसाने आधी येऊन समजावून सांगितलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, रस्ता लांब आहे, दरडी पुष्कळ आहेत. पुरिंगने ते मनात धरलं. पहिल्या खेपेला खोट खाऊ, पुढच्या खेपांना भरून काढू.

एक पेसो उतरलो आणि पहिले झालो. घड्याळ संपत आलं आणि पुन्हा दुसरे. मग आणखी एक पेसो. पलीकडचा माणूसही एकेकच पेसो उतरत होता, तेही अगदी शेवटच्या क्षणी. रोवेना दर वेळी मागे वळून बघायची आणि पुरिंग मान हलवायची. असं करत करत आम्ही एक्कावन्नावर आलो, आणि दिवे गेले.

"मानाय, आता सुमान खाऊन घ्या," नेनिता खिडकीतून केळीच्या पानातली चिकट भाताची गुंडाळी पुढे करत म्हणाली. सुंभ वळणाऱ्यांत ती सगळ्यांत जुनी. "सकाळपासून पोटात काही नाही. जिंकलात ना आता."

"अजून नाही," रोवेना म्हणाली. "वीज गेली की कंपनीला फोन करायचा असा नियम आहे. मग ते घड्याळ थांबवतात. नाही केला तर ते आपल्याशिवाय चालत राहतं."

"मग कशाला करतेस? चालू दे की. अंधारातच जिंकू. दिव्यात जिंकायचा नियम आहे का?"

बायका हसल्या. पुरिंग हसली नाही. ती माझ्याकडे झुकली आणि नेनिताला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तिबो, एक्कावन्नात हिला सुंभाचं काय देणार मी?"

डिझेलवाला कमी घेणार नव्हता, ट्रकवालाही नाही. उरलं ते सुंभ. म्हणजे नेनिता आणि फणसाखालच्या सगळ्या जणी.

"काम नको म्हणून सांगता येईल?" मी रोवेनाला विचारलं.

"जिंकल्यावर नाही. अनामत जाईल, आणि तीन वर्षं कुठल्याच लिलावात बसू देणार नाहीत. अनामतीला तुमचं यंत्र लावलंय, मानोय."

ते मला माहीत होतं. तरी ऐकल्यावर मी उठून यंत्रापर्यंत गेलो आणि उगाच त्याच्या पट्ट्यावर हात ठेवून आलो.

"फोन कर," पुरिंग म्हणाली. "घड्याळ थांबलं तर कुणीतरी आपल्या खाली जाईल."

फोनला रेंज फक्त खिडकीपाशी होती. रोवेनाने लावला तर कंपनीची लाइन दुसऱ्या कुणाशी तरी चालू होती. पुन्हा लावला, तेच. पडद्यावरचं गोठलेलं घड्याळ दीड मिनिट दाखवत होतं. खरं घड्याळ कुठवर गेलं असेल ते कुणालाच माहीत नव्हतं. नेनिता सुमान हातात धरून तशीच उभी होती. शेवटी फोन लागला. कंपनीच्या मिस त्रिनिदाद बोलत होत्या. रोवेनाने फोनचा आवाज मोठा केला.

"घड्याळ आधीच थांबवलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी दुसऱ्या एकांचा फोन आला होता, त्यांचीही वीज गेली आहे. आली की पुन्हा सुरू करू, पुरी तीन मिनिटं देऊ. तोवर फोनजवळच राहा. तुमचा भाव आहे तसा राहील. आणि दुसऱ्या कुणा स्पर्धकाशी बोलायचं नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे, मिस."

फोन ठेवल्यावर पुरिंग म्हणाली, "असोन आहे ती."

"कोण असोन?"

"माझी कुमारे. किनाऱ्याकडच्या सोसायटीची. त्यांची नि आपली वीज एकाच तारेवरची आहे."

असोन माझ्या भाचीची, पुरिंगच्या मुलीची, धर्ममाता; म्हणून दोघी एकमेकींना कुमारे म्हणतात. ती आणि पुरिंग बाजारात शेजारी शेजारी बसायच्या, एकीची टोपली दुसरीच्या टोपलीला लागून.

"नावं दिसत नाहीत, मानाय. कुणीही असेल," रोवेना म्हणाली.

"एकेक पेसो उतरणारी आणि दर वेळी छातीवर क्रूस काढण्याएवढी थांबणारी दुसरी कोण आहे? तीही बोहनीच करतेय. आज सकाळपासून मी आणि ती, दोघी एकाच गिऱ्हाइकाची बोहनी करतोय."

कोठारात पत्र्याखाली उकडत होतं. फोनजवळ राहायचं म्हणून कुणाला बाहेर जाता येत नव्हतं आणि आत श्वास घ्यावा तर काथ्याची धूळ. दारही लावून घेतलं होतं, कारण बाहेर टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पुरिंगला बघवत नव्हतं. तिला एकच आशा होती. वीज येईल, असोन एक पेसो उतरेल, आणि आपण सुटू.

"कंपनी पुढे आणखी किती घेणार आहे?" तिने एकाएकी विचारलं. "ते नक्की कळलं तर एवढी भीती नाही. पुढच्या खेपांना अठ्ठावन्न मिळाले तर ही खोट निघेल."

"विचारता येतं. पण घड्याळ थांबलेलं असताना कुणीही प्रश्न विचारला तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना पाठवतात. मोबाइलवर मेसेज येतो. नाव काढून टाकतात."

"म्हणजे असोनलाही जाईल."

"सगळ्यांना."

पुरिंगने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "आणि उत्तर आलं की पुढे काही घेणार नाही, तर?"

"तर ज्याला जाईल तो शहाणा होईल," रोवेना म्हणाली. "कोणी खाली उतरणार नाही. आपण इथेच अडकू. मानाय, नका विचारू. वीज येईपर्यंत गप्प बसू. ती उतरली की आपण मोकळे."

"आणि ती?"

रोवेनाने माझ्याकडे बघितलं, मी यंत्राकडे.

"तिबो, तू बोल," पुरिंग म्हणाली. "यंत्र तू चालवतोस."

"तिच्याकडेही यंत्र आहे," मी म्हणालो. "आपल्यापेक्षा जुनं." एवढं बोललो आणि मग वाटलं, हे तरी कशाला बोललो.

पुरिंग उठली, खिडकीपाशी गेली. नेनिता बाहेर भिंतीला टेकून सुंभ वळत होती. मांडीवर तळहात फिरत होता, काथ्याची दोरी वाढत होती.

"विचार," पुरिंग म्हणाली.

"मानाय, एकदा—"

"मी सांगते तसंच विचार. ही खरेदी झाल्यावर याच रस्त्यासाठी पुढे जाळी घेणार का, आणि किती."

रोवेनाने फोन लावला. मिस त्रिनिदाद म्हणाल्या, विचारून सांगते. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते मेसेजने. रोवेनाने वाचून दाखवलं. या रस्त्यासाठी जाळीची खरेदी एवढीच. पुढच्या टप्प्यांत दरडींना काँक्रीटची भिंत बांधली जाईल.

पुरिंगने तो मेसेज स्वतः वाचायला मागितला. फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि परत दिला. मग तिने दार उघडलं आणि बायकांसमोर जाऊन उभी राहिली.

"सभेत ठरल्यापेक्षा मी खाली गेले," ती म्हणाली. "एक्कावन्न. आता काम मिळालं तर खोटीचं आहे."

सुंभ वळणारे हात थांबले.

"एक्कावन्न म्हणजे," नेनिता सावकाश म्हणाली, "जाळी आपली, घाम आपला, आणि वरून त्यांना जेवणही आपणच घालायचं?"

"तसंच काहीसं."

"बाजारात बरी होतीस तू. सुकट तरी नासली की फेकून देता येते."

पुरिंग मान खाली घालून ऐकत राहिली. इतक्यात आतला पंखा कुरकुरत फिरायला लागला.

डब्यावरचे दिवे लागायला फार वेळ लागला. मग पडदा हलला, एकचा आकडा क्षणभर गेला आणि परत आला. घड्याळात तीन मिनिटं पुरी होती आणि ती उतरायला लागली. नेनितासकट सगळ्या जणी आत येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या. मी मनात असोनला म्हणत होतो, उतर, एकच पेसो उतर. लाजही वाटत होती, तरी म्हणत होतो. मागे कुणीतरी जपमाळ ओढत होती. तीही तेच मागत असणार.

शेवटचं मिनिट आलं. याच वेळी ती दर वेळी उतरायची. पुरिंगने डोळे मिटले नाहीत. आकडा बदलला नाही. घड्याळ शून्यावर आलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं.

"बंद कर ते," पुरिंग म्हणाली.

दुपारी उन्हं कलायला लागली तेव्हा फणसाखाली एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून असोन उतरली. तिच्यामागे रिक्षावाल्याने एक पोतं उतरवलं. पुरिंग वळलेल्या सुंभाची भेंडोळी रचत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"कुमारे, कुणीतरी लिलाव जिंकला म्हणे," असोन म्हणाली.

"म्हणे."

"मध्येच कुणीतरी एक प्रश्न विचारला होता. वीज आली की पन्नास टाकायचे, असं ठरवून मी बसले होते, तेवढ्यात मेसेज आला." ती जरा थांबली. "कुणी विचारला असेल?"

"मला काय माहीत. नावं दिसत नाहीत त्यात."

"हो, तेही खरंच."

असोनने पोत्याचं तोंड सोडलं. आत काथ्या होता, विंचरलेला, किनाऱ्याकडच्या नारळांचा. तिने चपला काढल्या, नेनिताच्या शेजारी बसली, मांडीवर थोडं पाणी शिंपडलं आणि सुंभ वळायला लागली. नेनिताने तिची वळलेली दोरी हातात घेऊन बघितली.

"सैल आहे," ती म्हणाली. "जाळीला चालायची नाही. आणखी पीळ दे."

असोनने आणखी पीळ दिला. मी यंत्र सुरू करायला आत गेलो. जाळी खूप विणायची होती, आणि ती एक्कावन्नातच विणायची होती.