पहिल्या फेरीला घरची बाई

स्टीलच्या डब्याचं झाकण ओट्यावरून सटकलं आणि फरशीवर गरागरा फिरत राहिलं. सकाळच्या साखरझोपेतली ऋतुजा दचकून उठून बसली. दोन हातांच्या अंतरावर भाकरी खात बसलेल्या जीवनने मात्र मानही वळवली नाही. वर्षाराणीने झाकण पायाने दाबलं आणि लेकीकडे बघून, काही झालंच नाही अशी हसली.

जीवन सिरसाळ्याचा गाडीमिस्तरी. इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोच्या जुन्या गाड्यांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि कुठला पाइप चिरलाय ते सांगायचा. पण ग्राइंडर, घण आणि उघड्या इंजिनांच्या संगतीत पंधरा वर्षं गेली, आणि कान असे हळूहळू उतरत गेले की नेमके कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. कानातलं मशीन घेतलं, तर त्यातून नुसता गोंगाट. समोरचा काय बोलतो ते तो ओठांवरून ओळखायला शिकला. टर्बोला ओठ नसतात.

बहिऱ्या मिस्तरीच्या हाती इंजिन कोण देणार? ते कुणाला कळू नये म्हणून त्याच्या बायकोने, वर्षाराणीने, एक रीत काढली. काम झालेल्या गाडीच्या पहिल्या फेरीला मिस्तरीच्या घरची बाई बसलीच पाहिजे, नाहीतर इंजिनाला लाभत नाही. चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्या लोकांना हे पटायला वेळ लागला नाही. चकलांब्याच्या एकाने तर ती माहेरी गेली म्हणून चार दिवस गाडीच नेली नव्हती.

ती जीवनच्या मागच्या सीटवर बसायची, हात त्याच्या खांद्यावर. एक बोट दाबलं, म्हणजे टर्बोची शिट्टी सरळ आहे. दोन बोटं, कुठेतरी हवा गळतेय. तीन, म्हणजे इंजिन ठोकतंय, पाय काढ. सुरुवातीला तिला सगळे आवाज सारखेच वाटत. मग लेकीला कडेवर घेऊन ती चालू इंजिनापाशी तासन् तास उभी राहिली. तो आठवणीतला आवाज तिला सांगायचा, ती समोरचा आवाज त्याला.

आज धुळाजीच्या जीपची फेरी होती. धुळाजी धर्मापुरीचा, शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. त्याची पंधरा वर्षांची जीप शेळ्या भरल्या की घाटात धापा टाकायची. जीवनने टर्बोची हवा थंड करायला मोठा इंटरकूलर बसवला, जुने रबरी पाइप काढून नवे घातले, आणि जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची दांडी दोन आटे आवळली. कुकरची शिट्टी जड करावी तसं. त्या हवेच्या बेताने पंपाचं डिझेलही वाढवलं.

धुळाजीने आल्या आल्या जीप रेस केली, मागे जाऊन बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"मिस्तरी, धूर कुठाय? माझ्या मेव्हन्याची गाडी डांबरावानी काळा धूर वकती. त्याला म्हनत्यात ताकद."

जीवनने त्याचे ओठ वाचले. "धूर म्हंजी न जळलेलं डिझेल, बापू. ती ताकद न्हाई, नासाडी हाय."

मागे अकरा शेळ्या भरल्या. धुळाजी पुढे बसला, वर्षाराणी ऋतुजाला मांडीवर घेऊन जीवनच्या मागे. सपाटीवर मीटरचा काटा सरसर वर गेला. तिने एक बोट दाबलं. घाट लागला. पहिलं वळण जीपने असं घेतलं की धुळाजी मांडीवर थाप मारून हसला. या चढाला तिसरा गिअर त्याने जन्मात बघितला नव्हता.

दुसऱ्या वळणावर तिला ते ऐकू आलं. शिट्टीच्या खाली, बारीक. पितळी तांब्यात कुणी खडे हलवावेत तसं.

धुळाजी खूश होता. ती गप्प राहिली असती तर तो गाडी आजच खुशीने घेऊन गेला असता. तिने तीन बोटं दाबली.

जीवनने जीप कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पाना घेऊन झडपेची दांडी ढिली करायला लागला. धुळाजी त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"कावून कमी करायलास? लई झ्याक पळायली. ऱ्हाऊ दे तशीच."

धुळाजी तेच पुन्हा म्हणाला. मग माळावरचा कळप वळवायला घालतात तशी त्याने हाळी दिली. मागच्या अकराही शेळ्या ताडकन उभ्या राहिल्या. जीवनचा पाना शांतपणे फिरत होता.

धुळाजीने वर्षाराणीकडे पाहिलं. कामात असले की त्यांचं ध्यान नसतं, हे वाक्य तिने आजवर शंभरदा वापरलं होतं. तेच ओठांवर आलं, आणि तिने ते गिळलं.

"त्यांला ऐकू येत न्हाई, बापू. आवाज मी ऐकते. इंजिन ठोकत हुतं, म्हनून मीच थांबवली. हाय तशी नेली आसती तर महिन्यात पिस्टन गेला आसता. मिस्तरी बदलायचा तर बदला. पर ह्यी गाडी ह्या घरातून कच्ची जानार न्हाई."

धुळाजीने फेट्याखाली खाजवलं.

"अन् मग ती पहिल्या फेरीची रीत?"

"मीच काढली."

"लबाड हाईस, पोरी," तो म्हणाला आणि जाऊन गाडीत बसला. "चला. चढ आजून निम्मा ऱ्हायलाय."

राहिलेला चढ जीपने तिसऱ्याच गिअरमध्ये, एका सुरात काढला. वर्षाराणीचं एक बोट माथ्यापर्यंत खांद्यावर दाबलेलं होतं. वर पोचल्यावर धुळाजीने मागे जाऊन पाहिलं. धूर नव्हता. मग तो जीवनच्या अगदी समोर आला आणि लहान पोराशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मेव्हन्याची गाडी मंगळवारी धाडतो. वैनी घरी हायती नव्हं त्या दिशी?"

जीवनचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं. सांगून टाकलं, अशी तिने मान हलवली. तो वळला आणि फडक्याने हात पुसत राहिला. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

ऋतुजाने आईचा पदर ओढला. वर्षाराणी खाली वाकली.

"आई, बाबाला माझा आवाज म्हाईत हाय का?"