रोमकर, करिंथकर आणि शंकररावांचं भाषण

मित्रांनो, जरा वर बघा. ज्याच्या भोकांतून तुमच्या डोक्यावर उन्हाचे कवडसे पडताहेत ना, तोच मी. मी एक जुना कापडी मंडप आहे. जुना म्हटलेलं मला चालतं. फाटका म्हणू नका, राग येतो.

माझा जन्म डोणगावचा. तिथल्या एका शिंप्यानं मला शिवलं आणि वडनेर भोलजीच्या महादेवरावांनी विकत घेऊन माझ्या झालरीवर आपलं नाव रंगवलं. तेव्हा काय माझा थाट होता! लग्नं म्हणू नका, बारशी म्हणू नका, भीमजयंती, सप्ताह, पुढाऱ्यांच्या सभा, सारं माझ्याखाली झालं. "काय मंडप हाये बाप्पा!" असं लोक मान वर करून म्हणायचे. मग ते लोखंडी कमानींचे चकचकीत मंडप आले आणि मी गोदामात जाऊन पडलो. कुणी मला कांद्यावर टाकायला नेई, कुणी सोयाबीनवर. उंदरांनी तर घरचंच समजून खाल्लं.

तरी मे महिन्यात एकदा मला मान मिळतो. धामणगाव बढ्याला ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, शिबिर भरतं आणि त्यांना मी परवडतो. तिथं मी बायबलातल्या पौल नावाच्या गृहस्थाची पत्रं ऐकत आलो. रोमकरांस पत्र, करिंथकरांस पत्र, इफिसकरांस पत्र. मला आपलं वाटायचं, हे रोमकर, करिंथकर म्हणजे पुण्याकडची बडी घराणी असतील. नाहीतर एवढी लांबलचक पत्रं कुणाला येतात?

यंदा प्रेरणानं माझं हे अज्ञान घालवलं. प्रेरणा गावातलीच मुलगी, धर्मशास्त्र शिकून नुकतीच परत आलेली. या मंडळीत बाईमाणसाला शिकवायला उभं करायची ही पहिलीच वेळ होती. शिबिरातला वर्ग नीट पार पडला तर रविवारचा वर्ग कायमचा तिच्याकडे येणार होता, आणि ते ठरवणार होते मंडळीचे वडीलधारे शंकरराव. शंकरराव म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, भारदस्त आवाज आणि दर वाक्याआधी एक खोकला. उद्घाटनाचं भाषण दरवर्षी त्यांचंच असतं.

"रोम शहराचे ते रोमकर," प्रेरणा सांगू लागली. "आपण मलकापूरकर म्हणतो ना, तसे."

"मंग मेहकरचे कोण? मेहकरकर?" मागून कुणीतरी विचारलं आणि माझे बांबूसुद्धा हसले.

प्रेरणाही हसली. म्हणाली, ती सगळी रोमी साम्राज्यातली साधी माणसं होती. कुणी गुलाम, कुणी कारागीर. कुणाच्या तरी घरी जमायची, पत्र आलं की एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आणि पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा.

तंबू! अहो, तंबू म्हणजे माझा चुलत भाऊ! आपल्या बिरादरीतला माणूस निघाला म्हटल्यावर मी असा फुगलो की माझे दोन दोर सुटले. वारा तर अजिबात नव्हता.

"पण सगळी पत्रं पौलानंच लिहिली का, यावर अभ्यासकांत वाद आहे," प्रेरणा पुढे म्हणाली. "रोमकरांचं पत्र त्यानं तोंडी सांगितलं आणि तर्त्य नावाच्या माणसानं लिहून घेतलं. शेवटी तर्त्यानं आपलाही सलाम घातलाय. तीमथ्य या त्याच्या सोबत्याला लिहिलेल्या पत्रांत मंडळीची जी व्यवस्था दिसते, ती पुढच्या पिढीतली वाटते. म्हणून पुष्कळजण म्हणतात, ती एखाद्या शिष्यानं गुरूच्या नावानं लिहिली असावीत. आणि इब्री, म्हणजे यहुदी, लोकांना लिहिलेल्या पत्रात तर लिहिणाऱ्याचं नावच नाही."

शंकरराव खोकले. "नाव नाही म्हंजे? माह्या बापानं सांगतलं, थे पौलाचंच हाये."

"काका, पत्रात तसं कुठं म्हटलेलं नाही."

"म्हंजे अर्धे पत्रं खोटे, असंच म्हणून राह्यली ना तू?" शंकरराव उठलेच. "ज्याचं नाव, त्याचंच पत्र! दुसऱ्यानं लिवून देल्लं अन् आपलं म्हणून वाचलं, तं थे लबाडी झाली. बंद करा हा वर्ग. रविवारचंही राहू द्या."

प्रेरणाचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. माझ्या अंगावर शिलाई डोणगावच्या शिंप्याची, ठिगळं वडनेरच्या सोजराबाईची आणि नाव महादेवरावांचं. म्हणून मी काय खोटा झालो? सावली तर खरी पडते ना! पण मंडपाला विचारतो कोण?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शंकररावांची बायको बोलली, जयमालाबाई. "आवो, मंग कालचं तुमचं भाषण कोणाचं व्हतं?"

"माह्यंच," शंकरराव म्हणाले. "तू निस्तं लिवून घेतलं."

"लिवलंही मीच अन् सुचलंही मलेच. दरसाली. तुमचा त्याच्यात निस्ता खोकला रायते."

अरे बाप रे! असं हसू उसळलं की माझं एक ठिगळ उसवलं. शंकरराव मटकन खाली बसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मंग मी लबाड हाव काय व?"

"लबाड कायचे?" जयमालाबाई म्हणाल्या. "तुमी बोलता म्हणून तं लोक ऐकतात. माह्या नावानं कोण ऐकलं असतं?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. शंकरराव प्रेरणाकडे वळले. मग म्हणाले, "शिकव पोरी. पुढचं पत्र कोणतं?"

मला उतरवायला माणसं आली आहेत, म्हणून माझं मागणं आत्ताच सांगून टाकतो. ओला असताना माझी घडी घालू नका, मी कुजतो. उसवलो तर वेळीच टाका घाला. आणि टाका घालणारीला चहा विचाराल तेव्हा तिचं नावही विचारा. एवढं केलंत तर मी अजून पुष्कळ उन्हाळे काढीन.

आता समारोपाचं ऐका. शंकरराव कागद घेऊन उभे राहिले. खोकले. आणि वाचू लागले, "हे भाषण जयमालानं लिवलं हाये. मी निस्तं वाचून राह्यलो." पुढे आभार होते, प्रार्थना होती आणि रविवारचा वर्ग यापुढे प्रेरणाच घेईल, हेही होतं. टाळ्या वाजल्या. प्रेरणा जयमालाबाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "बरं झालं काकू, सुरुवातीलाच तुम्ही स्वतःचं नाव घातलंत."

जयमालाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"मी कायले घालू व माय? बाकी सारं माह्यं हाये. थे पह्यलं मात्र त्यायनं लिवलं."