आज सराव नाही

भोंगा वाजला तेव्हा ताई शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मोठ्या बाईंच्या वहीत सही करत होती. सही अर्धी झाली आणि पेन तिथंच थांबलं.

"हे काय?" मोठ्या बाई हसल्या. "आत्ताच म्हणालात ना, आजचा सराव रद्द म्हणून?"

रद्दच होता. तेच सांगायला ती सकाळपासून वस्तीत फिरत होती. वस्तीत लहानथोर सगळे तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. कंपनीच्या भिंतीला लागून ही वस्ती, आणि भिंतीपलीकडे क्लोरीनच्या टाक्या. उद्या वायू सुटलाच तर काय करायचं हे शेजाऱ्यांना शिकवणं कंपनीचं कर्तव्य होतं, आणि कंपनी ते अगदी थाटामाटात पार पाडत होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराला भोंगा. भोंगा झाला की सगळ्यांनी दारं लावून मैदानात जमायचं, मग मोजणी, मग फोटो, मग बिस्किटाचे पुडे. ताई वस्तीतलीच, कंपनीत नोकरीला लागलेली, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. आज कुणी बडे पाहुणे सराव बघायला येणार होते, त्यांचं येणं लांबलं, म्हणून सरावही पुढच्या सोमवारवर गेला होता.

तिने घड्याळ पाहिलं. अकराला सात कमी. सराव एक वेळ उशिरा व्हायचा, पण वेळेआधी कधीच नाही.

तिने कंपनीच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. तिथला माणूस ओळखीचा, एरवी दोन विनोद केल्याशिवाय मुद्द्यावर यायचा नाही.

"खरं आहे का?" तिने विचारलं.

"तीन नंबरची टाकी. झडप बसत नाहीये. ताई, ठेवतो."

तिने कंपनीच्या धुराड्याकडे पाहिलं. रोज धूर पलीकडच्या माळावर जायचा. आज तो वाकून मैदानाकडे चालला होता.

मैदान कंपनीनेच वस्तीला दिलेलं. आधी तिथं कचऱ्याचा खड्डा होता. कंपनीने तो साफ केला, बाकं बसवली, गोलपोस्ट उभे केले आणि आपल्या नावाची भलीमोठी पाटी लावली. सरावाची जागा म्हणून तेच ठरलं, कारण फोटोत पाटी यायची. पण काही केलं तरी खड्डा तो खड्डाच, वस्तीतली सगळ्यात खोल जागा. आणि क्लोरीन हवेपेक्षा जड. उताराने खाली येतो आणि खोलात साचून राहतो. ताईला हे माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत ती तसं बोललीही होती. साहेब म्हणाले होते, "आधी लोकांना एका जागी जमायला तर शिकू दे, जागेचं मग बघू." ताईने मान हलवली, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यायली, दुसरं काय!

मागे मुलं रांगेत उभीसुद्धा राहिली होती. एकशे चाळीस मुलं साडेचार मिनिटांत मैदानात, हा शाळेचा विक्रम होता, आणि आज तो मोडायचा म्हणून पुढची पोरं टाचा उचलून तयार होती.

"मैदानात नको," ताई म्हणाली. "वर न्या. टेकडीवर, पाण्याच्या टाकीकडे."

"पण सरावाच्या नकाशात तर..."

"नकाशा चुकलाय. मीच काढलाय, मीच सांगते. रुमाल ओले करून नाकाला धरायला लावा आणि पळवा सगळ्यांना. बाई, खरा आहे हो हा भोंगा!"

मोठ्या बाईंचा जन्म मुलांच्या थापा ऐकण्यात गेला होता. चेहरा बघून त्यांना खरंखोटं कळायचं. त्यांनी ताईचा चेहरा पाहिला, एकदाच, आणि शिट्टी फुंकून रांग टेकडीकडे वळवली.

ताई खाली पळत सुटली. वस्तीच्या तिन्ही गल्ल्या मैदानाच्या उतारापाशी एक होतात, तिथं ती हात पसरून उभी राहिली. लोक येतच होते, आणि काय तो उत्साह! सलूनवाला गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून निघाला होता आणि ते गिऱ्हाईकही त्याच अवतारात त्याच्यामागून येत होतं.

"मागे फिरा! वर चला, टाकीकडे!"

"वा ताई!" सलूनवाला म्हणाला. "आज परीक्षा वाटतं?"

इथं तिचंच शिकवणं तिच्या अंगाशी आलं. मागच्या वर्षी एका सरावात कुणीतरी काहीतरी अफवा उठवली आणि निम्मी वस्ती भलतीकडेच पळाली. तेव्हा ताईने कर्ण्यावरून बजावलं होतं, कुणी काहीही सांगो, अगदी मी सांगितलं तरीही, भोंगा झाला की मैदान. पुढच्या सरावाला तिने मुद्दाम खोटं सांगून पाहिलं. जे फसले नाहीत त्यांना बिस्किटाचे दोन दोन पुडे मिळाले.

"आम्ही नाही फसायचो," कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई हसत हसत तिच्या हाताखालून निघून गेली.

"अगं, खरंच सांगतेय!"

"मागच्या वेळीही खरंच सांगत होतीस."

फोन वाजला. साहेब होते.

"ताई, लोकांना मैदानातच धरून ठेव. दहा मिनिटांत बंद होईल. वर रस्त्यावर गर्दी झाली तर उगाच बोभाटा होईल."

"साहेब, वारा मैदानाकडे आहे."

"ठरलंय तसंच करू," साहेब म्हणाले आणि फोन बंद झाला.

आणि मग तिला आई आठवली. आईचं घर मैदानाला लागूनच. भोंगा झाला की आई एका मिनिटात बाकावर जाऊन बसायची. म्हणजे आत्ता ती तिथंच होती. ती मटकन रस्त्यात बसली आणि तिला रडू कोसळलं. इतक्या लोकांना शिकवलं होतं, घाबरायचं नाही, डोकं शांत ठेवायचं. तिला स्वतःला त्यातलं काही म्हणजे काही जमेना.

"माझी आई खाली आहे हो," ती म्हणाली. "माझी आई खाली आहे."

सलूनवाला चार पावलं पुढं गेला होता, तो थांबला. सरावात ताईला त्याने हसताना पाहिलं होतं, दरडावताना पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"खरंय का गं हे?"

ताईने नुसती मान डोलावली. तो उठला, मागे वळला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "वर! सगळे वर! आज सराव नाही!" पुढं गेलेल्या त्या तान्ह्या मुलाच्या आईला त्याने दंडाला धरून ओढतच मागे आणलं.

ताई उठली आणि उतारावरून मैदानात शिरली. मोरी घासायच्या पावडरीचा असतो तसा वास येत होता, पण एवढा तिखट की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कंपनीच्या भिंतीवरून पिवळट हिरवं काहीतरी खाली उतरत होतं, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं. आणि बाकांवर लोक ओळीने बसले होते. पदर, ओढण्या, रुमाल नाकाला लावून, शिकवल्याप्रमाणे.

"किती उशीर!" आई म्हणाली. तिला ढास लागली होती. "मोजून घे. अडतीस आहोत."

"आई, ऊठ. वर चल."

"चल गं! मला नाही फसवता यायचं."

"आई, मी चुकीचं शिकवलं. ही जागाच चुकीची आहे. मला माहीत होतं."

आईने पदर नाकावरून खाली घेतला. "माहीत होतं?"

"हो."

"आणि आम्हाला इथं बसवत होतीस?"

आई उठली. पोरीकडे न बघता ती बाकांकडे वळली आणि खोकत खोकत ओरडली, "उठा रे सगळे! पोरगी स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय, अजून बसलात काय? उठा!"

तो चढ दोनशे पावलांचा होता. ताईने एका म्हाताऱ्या माणसाला पाठुंगळी घेतलं होतं, आणि पुढं आईची पाठ दिसत होती. ती दर दहा पावलांवर थांबायची आणि दर वेळी ताईला वाटायचं, आता ही खाली बसणार.

टाकीपाशी पोचल्यावर मोजणी झाली. सगळे होते. मुलंही होती, मोठ्या बाई त्यांना ओळीने पाणी पाजत होत्या. रुग्णवाहिका आल्या आणि नऊ जणांना घेऊन गेल्या, त्यांतल्या दोघांना धड श्वासही घेता येत नव्हता. आईने जायला साफ नकार दिला. डोळे लालभडक झाले होते, छातीत घरघर होत होती, तरी ती एका दगडावर बसून राहिली. ताईशी मात्र ती एक अक्षर बोलली नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला साहेबांचा फोन आला.

"झडप बसली. हवा मोजली, स्वच्छ आहे. लोकांना घरी जायला सांग."

ताईने सांगितलं. टाकीभोवती दोन-तीनशे माणसं होती. एकही उठलं नाही.

"राग मानू नकोस ताई," सलूनवाला म्हणाला. "पण आता कुठलं धरायचं?"

तान्ह्या मुलाच्या आईने तिच्याकडे वर मान करून पाहिलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरोखरच विचारत होती. "तुझं सकाळचं सांगणं खरं, की आत्ताचं?"

ताई आईकडे वळली. आई पायांकडे बघत होती.

"मी आधी जाते," ताई म्हणाली. "इथून मैदान दिसतं. मी तिथं बसते. तुम्ही बघा, आणि मग ठरवा."

ती एकटी खाली उतरली आणि मधल्या बाकावर जाऊन बसली. तिने ओढणी नाकावरून काढली, वरच्यांना दिसेल अशी, आणि श्वास घेतला. वास होता, पण थोडा. की होता तेवढाच होता आणि तिला सवय झाली होती? ती भ्यायली होती, विलक्षण भ्यायली होती. प्रत्येक श्वास आत जाताना ती छातीकडे लक्ष देत होती, कुठं काही बोचतंय का बघत होती. तिने फोन काढला.

"साहेब, तुम्हीही या. इथं माझ्याजवळ बसा. त्याशिवाय एकही माणूस उतरणार नाही."

"ताई, इथं किती काम आहे याची तुला..."

"शेजारी आहेत ते तुमचे," ताई म्हणाली. साहेबांशी असं ती उभ्या नोकरीत बोलली नव्हती.

दहा मिनिटांनी भिंतीतला लहान दरवाजा उघडला. साहेब बाहेर आले. नाकाला रुमाल होता.

"रुमाल काढा, साहेब. ते बघतायत."

साहेबांनी वर टेकडीकडे पाहिलं. कडेला माणसांची रांगच्या रांग उभी होती. त्यांनी रुमाल खाली घेतला आणि ते तिच्या शेजारी बसले. त्यांचा गुडघा थरथरत होता. आपल्याला वाटतं साहेब लोक कशाला घाबरत नाहीत, पण ताईला तो गुडघा दिसला आणि तिची उरलीसुरली हिंमतही गेली.

"हवा मोजली ना?" तिने हळूच विचारलं.

"मोजली म्हणाले."

"कुठे? आत?"

"आतच असणार."

"आणि इथे?"

साहेबांनी रुमालाची घडी घातली.

वर हालचाल झाली. रांगेतून कुणीतरी सुटं झालं आणि उताराला लागलं. ताईने डोळे बारीक केले. आई होती. आईला हवेबिवेचं काही पटलं होतं असं नाही. पोरगी खाली एकटी बसलीय, एवढंच तिला दिसत होतं. आई निघाली म्हणून सलूनवाला निघाला. तो निघाला म्हणून ती तान्हं मूल घेतलेली बाई.

"साहेब, मोजायचं यंत्र इथं मागवा. आत्ता. त्यांच्यासमोर मोजा."

साहेबांनी फोन लावला. "हवा मोजायचं यंत्र घेऊन मैदानात ये," ते म्हणाले. मग ऐकत राहिले. "बिघडलंय म्हणजे? कधीपासून?" पुन्हा ऐकत राहिले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मग सकाळपासून मोजताय कशाने? नुसता वास घेऊन?"

त्यांनी फोन खाली ठेवला. ताईकडे पाहिलं नाही. हातातला रुमाल मात्र हळूहळू पुन्हा नाकाशी गेला.

ताई उठली. "आई, मागे फिर!" दोन्ही हात वर करून ती ओरडली आणि चढावाकडे धावत सुटली. "आई! येऊ नकोस!"

आई उतरतच होती, आणि आईच्या मागून सगळी वस्ती.