पोकळीचं भाडं

१९५७ च्या जुलैत मी सतन्याच्या सरकारी मुलींच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा मला एकविसावं लागलं होतं. नवं मध्य प्रदेश राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. आमचं बुऱ्हाणपूर नागपूरच्या कारभारातून निघून भोपाळकडे गेलं होतं, सतना विंध्य प्रदेशातून आलं होतं, आणि या एकत्र येण्यामुळेच माझ्यासारखीची नेमणूक एवढ्या लांब झाली होती. तिथं मराठी बोलणारं कुणी नव्हतं. पहिला महिनाभर मी रोज संध्याकाळी दार लावून थोडं रडून घेत असे.

वर्गात भिंतीवर विंध्य प्रदेशाचा एक जुना नकाशा होता. त्यात नवं राज्यच नव्हतं. मी तापीकाठची आहे म्हटल्यावर मुली उठून नकाशापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "दीदी, आपका गाँव तो इसमें है ही नहीं." छापील नकाशे पुढच्या वर्षी येतील, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मी अण्णांना पत्रात हे सगळं लिहिलं. मागितलं मात्र काही नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील मधुकर कुलकर्णी, बुऱ्हाणपुरात ड्रॉइंग मास्तर होते. पत्र वाचून त्यांनी पाच फूट रुंदीचा मांजरपाट आणला, खळ लावून ताणला आणि त्यावर तेलरंगात नव्या राज्याचा नकाशा काढला. तेलरंग घडी पडली की तडकतो, घट्ट गुंडाळला तरी तडकतो. म्हणून त्यांनी लोटू बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांची साडेपाच फूट लांब, चांगली जाड नळी विणून घेतली आणि नकाशा सैलसर गुंडाळून तिच्यात घातला. पोस्टानं एवढी लांब वस्तू घेतली नाही. मग अण्णा राजपुऱ्यातल्या आमच्या घरून टांगा करून स्टेशनवर गेले.

पार्सल ऑफिसात कौतिक महाजन नावाचा तरुण कारकून होता, जवळच्याच शाहपूरचा. त्यानं नळी काट्यावर ठेवली. अडीच शेर भरली. अण्णांनी खिशातून दोन रुपये काढले. पण कौतिकनं मापाची पट्टी घेतली, लांबी, रुंदी, उंची मोजली आणि कागदावर गुणाकार केला.

"गुरुजी, भाडं वीस शेराचं लागेल."

"अहो, वजन अडीच शेर आहे. तुम्हीच तर केलंत."

"वजन कमी आणि जागा जास्त, अशा मालाला मापानं भाडं पडतं. डब्यात ही नळी जेवढी जागा अडवील, तेवढीत वीस शेराचं पोतं राहील. कायदाच तसा हाय, मी काय करू?"

भाड्याचा आकडा ऐकून अण्णांनी दोन रुपये परत खिशात घातले. ते रागावणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. मुलगी एकटी आहे, तिच्या वर्गात तिचं गावसुद्धा भिंतीवर नाही, असं काहीबाही ते बोलून गेले आणि मग आपण परक्या माणसासमोर हे काय बोललो, म्हणून ओशाळले. त्यांनी नळी खांद्यावर घेतली.

"थांबा ना गुरुजी, आतमध्ये काय हाय ते तरी दाखवा," कौतिक म्हणाला.

अण्णांनी नकाशा टेबलावर उलगडला. कौतिक बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं रिकाम्या नळीत हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला.

"बुरा मत मानना, गुरुजी, पण तुम्ही या पोकळीचं भाडं भरताय. मापात मी बदल करू शकत नाही. पण याच मापात वीस शेरापर्यंत काहीही भरा, भाडं तेवढंच राहील. ताईंच्या आजूबाजूला दुसऱ्या शाळा असतील ना? त्यांच्याकडे तरी कुठं हा नकाशा असंल? सहा-सात नकाशे एकावर एक ठेवून एकत्र गुंडाळले तर नळीत आरामात मावतील. सात शाळा मिळून भाडं भरतील. एकेकीला जड जाणार नाही."

अण्णा उभे होते ते बाकावर बसले.

अण्णांचं पत्र मला आलं, तेव्हा मी मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी त्याच आठवड्यात आसपासच्या सहा शाळांना कळवलं. सहाही तयार झाल्या. दोन शाळांनी तर आपला वाटा उत्तराबरोबरच मनीऑर्डरनं बुऱ्हाणपूरला पाठवून दिला.

पण आणखी सहा नकाशे काढायचे म्हणजे सोपं काम नव्हतं. अण्णा शाळेतून आले की बसत. आई चौथीपर्यंत शिकलेली; तिनं कधी ब्रश धरला नव्हता. अण्णांनी तिला नद्यांचं काम दिलं. पहिली नर्मदा थरथरली, दुसरी सुधारली, आणि तापी तर ती अण्णांपेक्षा बरी काढायला लागली. तिसऱ्या रविवारी दारात कौतिक उभा राहिला. हातात रेल्वेचं टाइमटेबल होतं.

"रेल्वेलाइनी मी आखून देतो," तो म्हणाला. "स्टेशनं मला पाठ हायेत."

आणि खरंच होती. खंडवा, इटारसी, जबलपूर, कटनी, मधली बारकी स्टेशनंसुद्धा तो न बघता सांगायचा. आईनं विचारलं, "एवढं फिरलात का हो तुम्ही?" तर म्हणाला, "नाही हो काकू. खंडव्याच्या पुढं एकदाच गेलोय. या गावांना माल मात्र रोज पाठवतो." त्यानंतर चार रविवार तो आमच्याकडेच जेवला.

सप्टेंबरच्या शेवटी पार्सल सतन्याला पोचलं. मी आणि शाळेची शिपाईण स्टेशनवर गेलो. नळी सायकल रिक्षात आडवी मावेना, म्हणून उभी धरून आणली. वर्गात उघडली तेव्हा रंगातल्या अळशीच्या तेलाचा वास सुटला, अण्णा जिथं रंगवत बसत त्या आमच्या पडवीचा वास. सातही नकाशे शाबूत होते. एकाही ठिकाणी रंग तडकला नव्हता. मुलींनी बुऱ्हाणपूर शोधलं, मग सतना शोधलं, आणि दोन्हींमधली रेल्वेलाइन बोटानं चालून बघितली. मी तापीवर हात ठेवला. ती रेघ आईची आहे हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही; तिच्या रांगोळीतलंच ते वळण होतं. त्या संध्याकाळी मी दार लावलं नाही. शेजारच्या बाईंना बोलावून चहा केला.

आठवडाभरात इतर शाळांची माणसं येऊन नकाशे घेऊन गेली. एका खेड्यातले म्हातारे हेडमास्तर स्वतः बैलगाडीतून आले. त्यांनी सैल गुंडाळलेला नकाशा बरोबर आणलेल्या धोतरात लपेटला, मांडीवर घेतला आणि मला विचारलं, "बेटी, यह रेल लाइन किसने बनाई?" मी सांगितलं. त्यांनी नाव नीट लिहून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. गाडीतून उतरले ती सामान अण्णांकडे देऊन सरळ पार्सल ऑफिसात गेले. कौतिकला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस पावत्या फाडत होता.

"कौतिकभाऊ, मी निर्मला," मी म्हटलं, आणि पुढचं पाठ केलेलं सगळं विसरले. "तुमचे फार उपकार झाले," एवढंच कसंबसं बोलले.

तो गडबडून उभा राहिला. "मी काय केलं, ताई? नियम होता तो सांगितला."

मग त्यानं ड्रॉवर उघडून एक पोस्टकार्ड काढलं. खेड्यातल्या त्या हेडमास्तरांनी 'श्री कौतिक महाजन, पार्सल बाबू, बुरहानपुर स्टेशन' असा पत्ता घालून पाठवलेलं. आमच्या मुलांनी तुमच्या रेल्वेनं अख्ख्या राज्याचा प्रवास केला, तुम्हाला आशीर्वाद, असं त्यात लिहिलं होतं.

"सहा वर्षं नोकरी झाली," कौतिक म्हणाला. "या टेबलावर येणारा माणूस भांडायलाच येतो. माझ्या नावानं आलेलं हे पहिलं पत्र हाय. शाहपूरला आईला वाचून दाखवलं, तर ती शेजारणीला बोलावून आणून परत वाच म्हणाली."

अण्णा दारात येऊन उभे होते. त्यांनी आत येऊन कौतिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाडव्याला आईला घेऊन या जेवायला. निर्मलाची आई वाट बघते आहे."

"येतो, गुरुजी," तो म्हणाला, आणि पाडव्याला माय-लेक दोघंही आली.