झिजलेली खाच

"आधी बाजू बघायच्या, मग कोन. आणि नजरेवर विसंबायचं नाही. खाचेत फिरवून बघायचं."

अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते, तरी करवत उचलण्याआधी त्यांची थोरली लेक त्यांचं हे वाक्य मनात म्हणे आणि मगच कामाला हात लावी. आजही ते म्हणून झालं होतं, तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या. अंध मुलांच्या शाळेला आणखी एक पेटी हवी होती.

अण्णांनी उभा जन्म या पेट्या करण्यात घालवला. पेटीत लाकडाचे सात त्रिकोण. समद्विभुज तीन, विषमभुज तीन. दोन्हींत एक लघुकोन, एक काटकोन, एक विशालकोन. सातवा समभुज, एकटाच. "त्याला कोन विचारायचेच नाहीत," अण्णा म्हणत. "तिन्ही बाजू सारख्या दिल्या की कोन आपापसात भांडत नाहीत. घरातही तसंच असतं."

बाई स्टुलावर टेकल्या. "अण्णांची शेवटची पेटी माझ्याच वर्गात आहे. पण आमच्याकडे एक वकीलीणबाई आहेत. दहा वर्षांची पोर, वाद घालायला पुढे. परीक्षेत हातात समभुज दिला, तर म्हणते हा समद्विभुज."

थोरलीचा हात रंध्यावरच थांबला.

"कागदाची पट्टी बाजूला लावून दुमडली, मग दुसऱ्या बाजूला लावली. म्हणे, दोन सारख्या आहेत, तिसरी आखूड. मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षं पेट्या केलेल्या माणसाच्या हातचा आहे तो. तू शहाणी की ते? गुण कापले मी."

"मग?"

"मग काय, वकिली बंद. आता नग दिला की हातसुद्धा लावत नाही. म्हणते, बाई, तुम्हीच सांगा कुठला ते, माझी बोटं खोटं बोलतात." बाई हसल्या, पण हसू टिकलं नाही. "अण्णांचं कधी चुकेल का हो?"

थोरलीने अंगावरचा भुसा झाडला. "पाणी आणते," एवढंच ती म्हणाली. बाई पाणी पिऊन, पेटीचं सांगून गेल्या.

तो नग तिला चांगला आठवत होता. अण्णांची नजर तेव्हा जवळजवळ गेलीच होती. तरी हट्टाने ती एक पेटी त्यांनी एकट्याने केली. समभुजाची एक बाजू तीन मिलिमीटर आखूड झाली होती. थोरलीने पट्टी लावून पाहिलं होतं. पण अण्णांनी तो तपासणीच्या फळीवरच्या त्रिकोणी खाचेत बसवला, फिरवला, पुन्हा बसवला. खरा समभुज तिन्ही वेळा बसतो, आणि तो बसला. चाळीस वर्षांत हजारो नग फिरून त्या खाचेच्या कडा झिजल्या होत्या. तिच्यात आता थोडं उणं असलेलंही बसत होतं.

"बघ," अण्णा म्हणाले होते, "डोळे गेले, हात नाही गेला."

त्या चेहऱ्यापुढे थोरलीला खरं बोलवेना. तिनेच तो नग पेटीत ठेवला आणि वर अण्णांचा शिक्का मारला.

पुढे अंथरुणाला खिळल्यावर एकदा अण्णांनी तिचा हात धरला. "चुकलेला नग बाहेर राहिला तर पोरं चुकीचं शिकतात. असा कुठला कळला तर स्वतः जाऊन परत आणशील ना?"

"आणेन."

कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आईने आतून बाईंचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ती दारात आली. "तू काही बोलू नकोस. त्यांच्या हाताला कधी कुणी नाव ठेवलं नाही. गेलेल्या माणसाचं उणं काय काढायचं?"

"आई, ती पोर बोटांनीच बघते गं."

"लहान आहे, विसरेल."

"मी विसरले का?"

आई आत गेली.

थोरलीने नवी फळी घेतली. आधी खाच कोरली, मग त्रिकोण कापला. एक बिघडला, दुसराही. तिसरा तिन्ही वेळा बसला, आणि या खाचेत तो जरासुद्धा हलेना. जुनी फळी तिने पुसून माळ्यावर ठेवली. टाकवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली, तेव्हा आई अण्णांचा धुतलेला रुमाल घेऊन उभी होती. तिने स्वतःच नग त्यात गुंडाळला. गाठ मारताना तिची बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"नीट झालाय ना?"

"तिन्ही बाजूंनी."

"बाईंना सांगशील तेव्हा..." आईने रुमाल तिच्या हातात दिला. "त्यांचे डोळे गेले होते, एवढं सांग."

"सांगेन. आणि माझे शाबूत होते, तेही सांगेन."

थोरलीने कागदाची एक लांब पट्टी कापली आणि घडी न घालता पिशवीत ठेवली. घडी त्या पोरीने घालायची होती. मग चपला घालून, दार हलकेच ओढून घेऊन, ती शाळेच्या वाटेला लागली.