चार फूट पाणी

ऑफिसात सगळे तिला ‘नकारबाई’ म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण तिला कान होते आणि अक्कलही. निवृत्त नर्सेसच्या पेन्शन फंडाने जुनी वीजकेंद्रं विकत घ्यावीत की नाही, हे जाऊन पाहणं हे तिचं काम. एकवीस वर्षांत तिनं सतरा केंद्रं पाहिली आणि सतराही अहवालांच्या शेवटी ‘घेऊ नये’ असं लिहिलं. त्यातला एकही नकार चुकला नव्हता. पण नकार बरोबर ठरला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि तिला एकदा, निदान एकदा, ‘घ्यावं’ असं लिहायचं होतं. तेही उगाच नाही, खरं ठरणारं.

अठरावं केंद्र साठ वर्षांचं होतं. जुनं धरण, खाली तीन मशीन. गेली आठ वर्षं तिथं पूर्वीपेक्षा कमी वीज तयार होत होती. पूर्वी उन्हाळाभर चालणारी मशीन आता ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून दीड महिना बंद पडत. मालक कंटाळला होता. फंडाने घेतलं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात घालून कुलूप लावायचं, असं त्यानं सरळ कळवलं होतं.

“नदी आटलीय, बाई,” साहेब म्हणाले. “जाऊन या, बघा आणि तुमचं नेहमीचं लिहून टाका. शुक्रवारी सही करतो.”

घरी आईनं तिची बॅग भरताना विचारलं, “या वेळी तरी हो म्हणणार का गं?” आई चाळीस वर्षं नर्स होती आणि तिची पेन्शन याच फंडातून येत होती, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा तिला दुप्पट हक्क होता.

“केंद्रच आजारी असेल तर हो कशी म्हणू?”

“आजारी आहे हे कुणी सांगितलं? साहेबांनी? नाडी कुणी बघितली?” आई म्हणाली आणि बॅगेत आणखी एक स्वेटर कोंबला.

पावसाळा चालू होता. जलाशय भरत आला होता. केंद्राचा फोरमन दारातच उभा होता, साठीला टेकलेला, इस्त्रीच्या निळ्या डगल्यात, बोलायला कंजूष. त्यानं तिला खाली मशीनघरात नेलं. फरशी इतकी स्वच्छ की तिला बूट काढावेसे वाटले. तिन्ही मशीन जोरात चालू होती. तिनं पर्समधून एक नाणं काढलं आणि फिरत्या मशीनच्या बेअरिंगवर उभं ठेवलं. नाणं उभंच राहिलं. हललंसुद्धा नाही.

“दर सोमवारी मीही हेच करतो,” फोरमन म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला.

म्हणजे मशीन ठणठणीत होती. मग वीज गेली कुठे? तिनं नोंदवह्या मागवल्या. फोरमन एकतीस वर्षं रोज सकाळी सहा वाजता धरणाच्या भिंतीवरची मोजपट्टी वाचून पाण्याची उंची लिहीत आला होता. लग्नाच्या दिवशीची नोंदसुद्धा त्याच अक्षरात होती. तिनं दुपारपर्यंत पानं चाळली आणि तिच्या लक्षात आलं की नदीत येणारं पाणी तसूभरही कमी झालेलं नाही. उलट धरणाचे दरवाजे मात्र पूर्वी तीन-चार वर्षांतून एकदा उघडायचे, ते आता दरवर्षी उघडत होते. नदी आटली म्हणायचं आणि धरण दरवर्षी ओसंडतंय म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एका वहीत कशा नांदतात?

तेवढ्यात फोरमन आत आला. “बाई, पट्टी चौसष्ट फुटांवर आली. धरण भरलं. भोंगा देऊन दरवाजे उघडतोय.”

“मी येते,” ती म्हणाली.

वर वारा झोंबत होता. तिनं कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी पट्टीच्या चौसष्टच्या आकड्याला अगदी चाटत होतं. पण भिंतीच्या दगडावर पाण्याचा जुना काळा डाग होता, आणि तो पाण्याच्या बराच वर होता.

“हा डाग कसला?”

“तो मोठ्या पुराचा. आठ वर्षं झाली. त्या पुरात ओंडक्यांनी पट्टी उखडून टाकली होती. मी स्वतः खाली उतरून नवी बसवली,” तो अभिमानानं म्हणाला.

आठ वर्षं. पूर दोन दिवसांत ओसरतो. दगडात इतका खोल डाग पडायला पाणी वर्षानुवर्षं तिथं टेकून राहावं लागतं.

“दरवाजे थांबवा.”

“नाही जमणार. चौसष्टला दरवाजे उघडायचे, हा नियम आहे. धरण फुटलं तर तुम्ही येणार का आडव्या?”

“अर्धा तास. धरण बांधणाऱ्यांनी उंचीची पक्की खूण कुठं ठेवली असेल ना?”

फोरमन कठड्याच्या टोकाला गेला, गुडघ्यावर बसला आणि खिशातल्या चाकूनं रंग खरवडू लागला. दर दोन वर्षांनी रंगारी आले की त्या खुणेवरही एक हात फिरवून जात. रंगाचे पापुद्रे निघाले आणि खाली पितळी खुंटी चमकली. तिच्यावर कोरलेलं होतं: सत्तर फूट.

“खुंटी सत्तरवर आणि पाणी चौसष्टवर. मग मध्ये सहा फूट हवेत,” ती म्हणाली. त्यानं टेपला वजन बांधून खाली सोडलं. दोघंही वाकून बघत होते. वजन पाण्याला लागलं.

दहा फूट.

त्यानं टेप वर ओढला, पुन्हा सोडला. दहा. तिसऱ्यांदाही दहाच.

“पट्टी ज्या पायरीवर उभी होती, ती पुरात फुटली होती,” तो हळू आवाजात म्हणाला. “जी पक्की पायरी दिसली तिच्यावर मी पट्टीचा पाया ठेवला. ती एक पायरी खालची होती. चार फूट खालची.” तो कठड्याला टेकून खाली बसला. “आठ वर्षं मी रोज खोटं लिहीत आलो. भरलेलं नसताना दरवाजे उघडले. माझ्याच हातानं उन्हाळ्याचं पाणी सोडून दिलं, बाई.”

तिला त्याची दया आली, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की लाज वाटावी. सगळं जग नदीला, मशीनला, नशिबाला बोल लावत होतं आणि चूक बसली होती एका पायरीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ती त्याच्या शेजारी बसली. “खोटं नाही लिहिलंत. पट्टी दाखवत होती तेच लिहिलंत. एकतीस वर्षं एकही दिवस चुकला नाही, म्हणून तर मला सापडलं. आता उठा. नियमानं चौसष्टला दरवाजे उघडायचे ना? मग खऱ्या चौसष्टला उघडा.”

त्या दिवशी भोंगा वाजला नाही.

शुक्रवारी साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान आधी उघडलं, नेहमीप्रमाणे. मग चष्मा काढून पुसला. “‘घ्यावं’? तुम्ही लिहिलंय? एका टेपवर भरवसा ठेवून?”

“सगळ्यांनी आठ वर्षं एका पट्टीवर ठेवला. मी तीनदा मोजलंय. चार फूट पाणी अख्ख्या जलाशयावर पसरलं म्हणजे किती होतं, ते सातव्या पानावर आहे. पुढचा उन्हाळाभर मशीन चालतील. नाही चालली तर माझ्या निरोपसमारंभात हे पान वाचून दाखवा.”

साहेबांनी सातव्या पानावरचा एकेक आकडा बोट ठेवून तपासला. मग त्यांनी सही केली.

पावसाळा सरला तेव्हा पाणी काळ्या डागाला जाऊन टेकलं. हिवाळा गेला, उन्हाळा आला आणि तिची झोप उडाली. नोंदवह्यांमधली ती तारीख तिला पाठ होती, मशीन थांबायची तारीख. आठ वर्षांत एकदाही ती टळली नव्हती. त्या दिवशी सकाळी सव्वासहालाच ती फोनसमोर बसली. समोर आई चहा ढवळत होती, तो केव्हाच ढवळून झाला होता.

फोन वाजला. फोरमननं रिसीव्हर मशीनघरात नेऊन नुसता धरून ठेवला.

तिनं ऐकलं आणि डोळे भरून आले. मग तिनं फोन आईच्या कानाला लावला. आईनं डोळे मिटले, नाडी बघावी तशी मनगटावर दोन बोटं ठेवली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मान डोलावत ऐकत राहिली.

“ठोके नियमित आहेत,” आई म्हणाली. “कोण म्हणालं गं आजारी आहे?”

तिकडून फोरमनचा आवाज आला, मशीनच्या आवाजाच्याही वरचा, “बाई, ऐकताय ना? आजची नोंद लिहून घ्या. पट्टी एकोणचाळीसवर, आणि खुंटीपासून मोजलं तरी एकोणचाळीसच!”