सुरय दाखवणारी दुर्बीण

मी एका खिळ्यावरून बोलतेय. मालवण तालुक्यातल्या एका रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी हा खिळा आहे आणि त्याला मी लटकलेली असते. मी एक जुनी, जड, काळी दुर्बीण आहे. माझी उजवी काच अजून स्वच्छ आहे. डावीत गेल्या पावसाळ्यात बुरशी शिरली, तिची पांढरी नक्षी आतून पसरते आहे. माझा मूळचा चामडी पट्टा तुटून गेला. आता त्या जागी जाळ्याची निळी दोरी आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते सिंगापूरचं दुकान आणि मला हातात घेऊन पुन्हा पुन्हा किंमत विचारणारा इनास. इनास बोटीवर खानसामा होता. खानसाम्याला दुर्बिणीचं काय काम, म्हणून बाकीचे खलाशी त्याला हसायचे. तो मात्र दुपारची भांडी आवरून झाली की मला घेऊन डेकवर यायचा आणि जमीन दिसते का ते बघायचा. बहुतेक वेळा नुसतं पाणीच दिसायचं.

नोकरी संपवून तो गावी परतला तेव्हा त्याच्या बायकोने, फ्रान्सिस्काने, मला एका लोकरी मोज्यात घालून कपाटात ठेवलं. त्या मोज्यात माझी बरीच वर्षं गेली. बाहेर लग्नं झाली, मुलं गोव्याला आणि दुबईला गेली, फ्रान्सिस्काही गेली. मला फक्त आवाज यायचे.

एका नाताळाच्या सकाळी मोजा उघडला. समोर इनास होता आणि त्याच्या शेजारी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा असलेला एक पोरगा, निकेत. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, विठोबा याचा तो मुलगा. वय चोवीस. नववीनंतर शाळा सोडून बापाबरोबर जाळं ओढायला लागलेला. इनासच्या घरी मासे पोचवायला तो रोज यायचा.

"घे रे," इनास म्हणाला, "माझ्या डोळ्यांत आता धुका भरलाहा. हिका उपाशी कशाक ठेवू?"

"माका कशाक, इनास काका?"

"तू नायतरी दिवसभर टकटक बघीत ऱ्हवतंस. निदान नीट तरी बघ."

 निकेतने मला गळ्यात अडकवलं आणि तो किनाऱ्यावर आला. पहिल्यांदा त्याने मला रोखलं ते पाण्याच्या कडेने तुरूतुरू धावणाऱ्या एका लहानशा पक्ष्यावर. तो पक्षी रोजचाच होता, पण त्याच्या डोळ्याभोवती बारीक पिवळं कडं आहे हे निकेतने त्या दिवशी पाहिलं. त्याचा श्वास थांबलेला मला कळला. माझ्या काचा तेवढ्या जवळ असतात.

गावच्या शाळेतल्या किशोरी बाईंनी मोबाईलवर एक ग्रुप काढला होता, 'गावची पाखरां' नावाचा. शिक्षक होते, घरगुती खोल्या चालवणारे होते, कॉलेजची मुलं होती, सगळे मिळून साठेक जण. त्यात बाईंनी निकेतलाही घेतलं. त्यांनी त्याला सांगितलं, एकच जागा निवड आणि एक अख्खं वर्ष तिथे उडणारं, सरपटणारं जे दिसेल ते लिही. तारीख, वेळ, जागा, संख्या. अर्धवट नोंदीचा कुणाला उपयोग नाही.

निकेतने सुरूच्या बनापासून व्हाळ समुद्राला मिळतो तिथपर्यंतचा तुकडा निवडला. चालत दहा मिनिटांचा. एक जानेवारीपासून तो रोज तिथे जाऊ लागला. चिखल्या, तुतवार, धोबी, सागरी बगळा, सुरूच्या शेंड्यावर बसणारी ब्राह्मणी घार. त्याच्या आजवरच्या आयुष्यात ही सगळी नुसती पाखरं होती. आता एकेकाला नाव येत गेलं. सुकी मासळी घालणाऱ्या बायका कुणा मुलीवरून त्याची थट्टा करायच्या, "काय रे निकेत, होडयेत चेडू बसलाहा काय?" त्याचे कान लाल व्हायचे, पण तो मला खाली ठेवायचा नाही.

पावसाळ्यात समुद्र बंद झाला, तेव्हा इनासने त्याला एक युक्ती दाखवली. "उलटी धर तिका. आता मुंगयेक बघ." मला उलटी धरून अगदी जवळ नेलं की मी भिंग होते, हे इतक्या वर्षांत मलाही ठाऊक नव्हतं! मग निकेत ओल्या गवतात पोटावर पडून राहू लागला. व्हाळाच्या काठी एक चतुर आपली जुनी कातडी सोडून बाहेर येताना आम्ही पाऊण तास पाहिला. त्याचे पंख आधी चुरगळलेल्या कागदासारखे होते, मग ते हळूहळू ताठ झाले. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या पाहिल्या, वाळूवर धावणारा हिरवा चकचकीत भुंगेरा पाहिला. बुरशी मला याच दिवसांत लागली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी इतकी सुखात कधीच नव्हते.

तोंडाने चार शब्द न बोलणारा हा पोरगा ग्रुपवर मात्र अख्खा परिच्छेद लिहायचा. लोक अंगठे पाठवायचे, बाई शाबासकी द्यायच्या. सगळ्यांत आधी अंगठा यायचा तो जितेंद्रचा. जितेंद्र त्याचा शाळेतला सोबती, आता एका मोठ्या यांत्रिक बोटीवर कामाला होता.

दसऱ्याच्या सुमाराला सुरय आले. हे पांढरे, टोकदार पंखांचे समुद्रपक्षी पाण्यावर घिरट्या घालतात आणि एकदम सूर मारतात. त्यांच्या खाली बांगड्याचा नाहीतर तारलीचा थवा असतो. रापणकारांना हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. निकेतलाही माहीत होतं, पण त्या दिवसांत तो माशांचा विचारच करत नव्हता. तो पक्षी मोजत होता. त्याने लिहिलं, "सकाळी सात दहा. सुरय, अंदाजे तीनशे. व्हाळाच्या तोंडासमोर, मोठ्या खडकाच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून अर्धा मैल. सूर मारून खातायत." सगळं बाईंनी शिकवल्याप्रमाणे, एकही गोष्ट न वगळता.

तासाभरात मोठी बोट आली. असल्या बोटींनी इतक्या जवळ यायचं नाही असा नियम आहे. तिने गोल फिरून जाळं टाकलं, तळापासून आवळलं आणि ती निघून गेली. विठोबाची माणसं रापणीची होडी पाण्यात ढकलत होती, ती तशीच उभी राहिली. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची असते. होडीने जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि मग चाळीस घरांतल्या माणसांनी दोन्ही टोकं खेचायची. त्या दिवशी त्यांनी खेचली आणि हाती आले थोडे पेडवे आणि बरेचसे प्लास्टिक.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चार दिवसांनी पुन्हा. निकेतने नोंदीत लिहिलं, "बोट आल्यामुळे थवा विखुरला." त्याला पक्ष्यांचं वाईट वाटलं होतं.

विठोबा एकदा वाळूत बसून म्हणाला, "कोणतरी तेंका सांगता. नायतर इतकी नेमकी कशी येतत?" निकेत त्याच्या शेजारीच होता. मी त्याच्या गळ्यात होते. आम्हा दोघांनाही काही उमगलं नाही. माझ्या लांबच्या नजरेचा काय उपयोग, सांगा.

कार्तिकातल्या एका दुपारी जितेंद्र घरी आला. हातात वीतभर रुंदीची ताजी इसवण, म्हणजे सुरमई. निकेतची आई, आनंदी, पुढच्या दारात होती.

"काकी, ही घे. निकेतचो वाटो."

"निकेतचो? तो खंय तुमच्या बोटीर येता?"

"येवक कशाक होयो? हयच बसान काम करता तो. ह्या म्हयन्यात तेच्या सुरयांनी आमका खाली हात धाडूक नाय."

निकेत माझी काच पुसत होता. त्याचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काय मेल्या! तू लिवतंस, मी आमच्या बोटीच्या तांडेलाक वाचून दाखवतंय. वेळ, जागा, सगळा. बोटीरच्या मशीनीक पण इतक्या बेस कळणा नाय."

"जित्या, थंय बाबांची रापण आसता."

जितेंद्र हसायचा थांबला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, एवढं मी सांगू शकते. "मगे? तू साठ जणांक सांगलंस. मी एकाकच सांगलंय," तो म्हणाला, आणि मासा उंबऱ्यावर ठेवून गेला.

आनंदीला यातलं अर्धंच कळलं. तीन आठवडे घरात धड मासा शिजला नव्हता. तिने तुकडे केले, तिरफळं घालून आमटी केली, चार तळले. विठोबा जेवायला बसला आणि पहिला घास घेऊन म्हणाला, "बरी ताजी आसा गो. खंयसून इली?"

"जितेंद्रान दिली."

"जितो कशाक देता आमका?"

आनंदीने मुलाकडे पाहिलं. निकेतचं ताट तसंच भरलेलं होतं. तो बोलू लागला तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला खिळ्यावरून नीट ऐकू आला नाही. मग त्याने तो मोठा केला.

"बाबा, तेंका मी सांगत होतंय. माका म्हायती नव्हती. मी पाखरां लिवत होतंय, ते बोटवाले जागा वाचून येत होते. सगळी चूक माझी आसा."

विठोबाने तोंडातला घास गिळला. तो थुंकला असता तर निकेतला सोपं गेलं असतं. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"चाळीस घरां आसत रापणीक," विठोबा म्हणाला, जणू मुलाला ते ठाऊकच नव्हतं. मग त्याने उठून हात धुतला. उरलेली इसवण आनंदीने झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बाहेर टाकली.

निकेत ग्रुपमधून बाहेर पडला. किशोरी बाईंचा निरोप आला, "अरे, वर्ष पुरं व्हायला महिनाच राहिलाय. बरा आहेस ना?" त्याने तो वाचून मोबाईल खिशात टाकला. संध्याकाळी तो मला घेऊन खडकावर गेला आणि माझी निळी दोरी हाताला गुंडाळून उभा राहिला. माझ्याखाली लाटा फुटत होत्या. मी पाण्यात जाणार हे मला कळलं होतं. मागून विठोबा आला.

"तिका फेकान काय होतला?"

निकेत रडत होता.

"उद्यापासून सकाळी रापणीवांगडा ये. हय खडकार बस. सुरय दिसले काय हात वर कर. मोबाईल आवशीकडे दी." एवढं बोलून तो वळला. ही शिक्षा होती की माफी, ते त्याने सांगितलं नाही. निकेतनेही विचारलं नाही.

तेव्हापासून मी रोज कामावर असते. रापणीला पुन्हा मासा लागू लागला आहे. मोठी बोट अजूनही अधूनमधून येते, तिच्याकडे मासा शोधणारी स्वतःची यंत्रं आहेत. म्हणजे त्या दिवसांतलं किती नुकसान निकेतच्या ओळींमुळे झालं आणि किती तसंही होणारच होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्याला ते कळलं असतं तर बरं झालं असतं. रापणीतली माणसं झालेलं विसरली आहेत, निदान तसं दाखवतात. "ए मशीन, काय दिसता?" असं ओरडतात. निकेत हसतो.

पण तो आता माझ्यातून पक्षी बघत नाही. तो त्यांच्याखालचं पाणी बघतो. सुरय किती आहेत ते मोजत नाही, त्यांच्या चोचीचा रंग पिवळा की नारिंगी ते बघत नाही. धोबी अगदी पायाशी येऊन शेपटी हलवतो तेव्हा त्याची मान खाली होत नाही. मला उलटी धरून तो गवतात शेवटचा कधी पडला होता, ते मला आठवत नाही. नोंदवहीत नोव्हेंबरनंतरची पानं कोरी आहेत.

गेल्या आठवड्यात एका सकाळी सुरय जमले. खाली पाणी काळपट पडलं होतं, मासा चांगला होता. निकेतचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि तेवढ्यात माझ्या काचेत, सुरयांच्या खूप वर, एक पक्षी आला. असा पक्षी आम्ही वर्षभरात पाहिला नव्हता. हात तसाच अर्ध्यावर राहिला. खाली विठोबा होडीला टेकून वर बघत होता. दूर क्षितिजावर एका बोटीचा ठिपका होता. निकेतने मला त्या पक्ष्यावर धरून ठेवलं. त्याचे चार श्वास मी मोजले. पाचव्याला त्याने हात पूर्ण वर केला, खाली आरडाओरडा झाला, होडी पाण्यात गेली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा आकाशात काही नव्हतं.

त्या दिवशी रापण भरून आली. पक्ष्याबद्दल तो कुणाशीच बोलला नाही. लिहिलंही नाही.

मला लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. तो काळा होता. पंख फार लांब आणि मधे वाकलेले. शेपटी उघड्या कात्रीसारखी. चार श्वासांत त्याने एकदाही पंख हलवले नाहीत. छातीवर पांढरं होतं की माझ्या बुरशीचा डाग होता, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तुमच्यापैकी कुणाला त्याचं नाव माहीत असेल तर निकेतला येऊन सांगा. त्याला फार बरं वाटेल. फक्त तो कुठे दिसला, हे त्याला विचारू नका.